गुडघ्यावर वाकवून

माझ्याकडे फक्त काठ्या मिळतात.
बाभळीच्या, कमरेइतक्या उंच,
साल काढलेल्या, एका टोकाला निमुळत्या.
अगादेझच्या मोटारतळावर
पाणी विकणारे पुष्कळ, वाळूचे चष्मे विकणारेही.
काठीवाला मी एकटा, सादू बार्मो.

ही काठी चालायची नव्हे.
गाडीच्या कडेवर बसायचं, पाय बाहेर सोडून,
काठी सामानात खोल खुपसायची, दोन मांड्यांच्या मध्ये,
आणि तीन दिवस तिला सोडायचं नाही.
डोळा लागला तरी.
झोपेत पडलेल्यासाठी घुमूर गाडी थांबवत नाही,
हे तो भाडं मोजून घ्यायच्या आधी सांगतो.
चांगला माणूस आहे, म्हणून आधी सांगतो.

पूर्वी सोमवारी गाड्यांची रांग निघायची,
पुढे लष्कर, मागे लष्कर,
आणि चौकीवरचा हवालदार शिक्का मारून म्हणायचा,
सांभाळून जा रे.
मग कुठेतरी, वाळू पोचत नाही अशा एका खोलीत
कुणीतरी आमच्या नकाशावर लाल बाण काढले.
बाणाचं शेपूट आमच्या तळावर,
टोक त्यांच्या दाराकडे.

बुधवारपर्यंत घुमूर ड्रायव्हर होता,
शुक्रवारी गुन्हेगार.
मधल्या दिवशी त्याने फक्त एक टायर बदलला होता.
त्याची गाडी छावणीच्या आवारात नेऊन लावली.
अजून तिथेच आहे. वाळू खिडकीला टेकली आहे.

समुद्रापलीकडून एक बाई आल्या, सोबत दुभाष्या.
विचारलं, इथून किती जातात, कोण जातात,
आणि त्यातला धोक्याचा माणूस तुम्ही कसा ओळखता?
मी म्हटलं, बाई, मला काठी ओळखता येते.
जो गुडघ्यावर वाकवून बघतो तो बहुतेक पोचतो.
जो हाताला लागेल ती उचलतो, त्याचं मला भय वाटतं.
दुभाष्याने यातलं किती सांगितलं कोण जाणे.
बाईंनी लिहिलं मात्र अगदी थोडं.

विहिरीपाशी चौकी बसली,
म्हणून वाट विहिरीपासून दूर गेली.
त्या वर्षी गांबियाचा यांकुबा माझ्याकडून दोन काठ्या घेऊन गेला,
एक स्वतःला, एक धाकट्या भावाला,
ज्याचे पाय अजून गाडीच्या कडेवरून नीट खाली पोचत नव्हते.
रात्री गेले, दिवे विझवून.
शोधायला गेलेले नऊ दिवसांनी परतले.
माझ्यासमोर बसले, चहा घेतला, दुसराही घेतला,
आणि मग म्हणाले,
काठ्या शाबूत होत्या.

गाडी नाही तर पोरांनी करायचं काय?
काही सोन्याच्या खाणीकडे गेली.
काही मोटारसायकलवरून उत्तरेला,
पाठीला लांबट काहीतरी, फडक्यात गुंडाळलेलं.
आयांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं,
काठी असेल.

हल्ली रात्रभर आभाळात एक घरघर असते.
तुमच्या सुरक्षेसाठी आहे, असं सांगतात.
कोंबड्यांना कुणी सांगितलेलं नाही,
त्या खुराड्यात जायला तयार नसतात.

आता रेडिओ म्हणतो, कायदा मागे घेतला.
घुमूर हसला, मग गाडीबद्दल विचारायला छावणीवर गेला.
तिथला शिपाई नवा आहे. त्याला कुठलीच गाडी माहीत नाही.

आणि काल मानी आला, माझा भाचा.
ज्याला मी याच बाभळीखाली बोटं मोजायला शिकवलं.
काही बोलला नाही. मीही नाही.
पहिली घेतली, गुडघ्यावर वाकवली, ठेवली.
दुसरी ठेवली.
तिसरीच्या गाठीवर अंगठा फिरवला, ठेवली.
चौथी घेतली.

मग त्याने खिशात हात घातला.
त्याची आई पलीकडे भजी तळत होती, झारा हातात तसाच.

आमच्यात म्हणतात,
फुकटची काठी वाटेत मोडते.

मी पैसे घेतले.
दोनदा मोजून घेतले.